वाकड्या ताऱ्याची अंगठी

ट्यूबलाइटखाली

भैय्यालालच्या तळहातावर दोन अंगठ्या होत्या, त्यांच्यातून दूध निथळत होतं, आणि दोन्हींतला तारा नाहीसा झाला होता.

"अजी, म्या तं फक्त धुतल्या," त्याची बायको ताराबाई म्हणाली.

"दुधात?"

"मंग कशात? नीलम बिनदुधाचा घरात घेते का कोनी?"

"दोन्ही?"

"हाव. एकाच वाटीत टाकल्या. दोन वाट्या कायले खराब करू?"

"आन् पुड्या कुठी हायेत? कागदाच्या? ज्याच्यावर लिहलं होतं?"

पुड्या चुलीत गेल्या होत्या. ताराबाईला चहा ठेवायचा होता, चूल धरत नव्हती आणि कागद हाताशी होता. यात तिचं काही चुकलं असं तिला वाटत नव्हतं, आणि नीट विचार केला तर तसं काही चुकलंही नव्हतं. चूक असलीच तर एवढीच की भैय्यालाल हा धानाचा व्यापारी होता.

सानगडीच्या बाजारात भैय्यालालचा एकच नियम चालायचा. पोत्यातून मूठभर धान काढायचं, पुडीत बांधून घरी न्यायचं, कांडायचं, शिजवायचं, आणि भात ताटात पडल्यावरच भाव बोलायचा. नमुना बघितल्याशिवाय त्याने उभ्या जन्मात काही घेतलं नव्हतं. मुलीला, साधनाला, लाखांदूरचं स्थळ आलं तेव्हाही तो आधी तिथे तीनदा जेवून आला होता.

ते स्थळ सगळ्यांनाच आवडलं. मुलगा अमर, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, शांत स्वभाव. त्याच्या आईने, निर्मलाबाईंनी, हुंडा नको म्हटलं, गाडी नको म्हटलं. फक्त साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, अंगठीत ताऱ्याचा नीलम हवा आणि तो असली हवा, एवढंच त्यांचं मागणं. अमरच्या पत्रिकेतला शनी फार चळवळ्या आहे, तो ताऱ्यासमोरच मुकाट बसेल, असं त्यांना कोण्या महाराजांनी सांगितलं होतं. भैय्यालालने चारचौघांत छातीला हात लावून शब्द दिला. असली म्हणजे असलीच. भैय्यालालचा नमुना एक आणि माल दुसरा असं कधी झालंय का, सानगडीत कोणालाही विचारा.

मग तो साकोलीला धनीराम सोनाराकडे गेला. धनीरामने दुकानाच्या पायरीवर, उन्हात, दोन अंगठ्या ठेवल्या. दोन्हींत निळा, गोल, गुळगुळीत खडा, आणि खड्याच्या पोटात सहा किरणांचा पांढरा तारा. हात हलवला की ताराही सरकायचा. यातला एक खाणीतला आणि दुसरा कारखान्यातला, धनीरामने समजावलं. मसाला तोच, तारा तोच, पण एक डोंगराने सावकाश शिजवलेला आणि दुसरा भट्टीने घाईत. हल्ली दागिन्यांत भट्टीतलेच जास्त जातात, लोकांना ओळखूही येत नाही. कोणता बांधू?

"दोन्ही बांध," भैय्यालाल म्हणाला. "नमुना घरी दाखवतो. एक ठेवतो, एक वापस."

सोनाराकडे नमुना मागणारं गिऱ्हाईक धनीरामने पहिल्यांदाच पाहिलं. पण माणूस ओळखीचा होता, आणि नीलम तर लोक तसेही आजमावूनच घेतात. त्याने दोन पुड्या बांधल्या, एकीवर 'असली' लिहिलं, दुसरीवर 'लॅब'.

त्या दोन शब्दांवर आता चहा उकळत होता.

भैय्यालालने अंगठ्या डोळ्यांजवळ नेल्या, लांब नेल्या, फुंकर मारली, शर्टाला पुसल्या. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ते खडे दोन निळ्या चिंचोक्यांसारखे मुके बसून राहिले. दुधाने तारा धुऊन निघाला, अशी त्याची खात्री होत चालली. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे कोणाला सांगावं तेही त्याला कळेना.

ताराबाईचा धाकटा भाऊ पिंटू दारात चहाची वाट पाहत बसला होता. साक्षगंधाच्या तयारीला म्हणून तो आठवड्यापासून आला होता, आणि तयारी म्हणजे जेवण असा त्याने अर्थ घेतला होता. तो म्हणाला, "भाऊजी, तारा असा संध्याकाळी दिसते का? जरा अंधार तं पडू द्या."

भैय्यालाल त्याला काहीतरी बोलणारच होता, इतक्यात

मोबाइलच्या टॉर्चखाली

लाइट गेली.

साधनाने मोबाइलचा टॉर्च लावला, बापाच्या हातावर धरला, आणि त्या एकाच ठिकाणच्या उजेडात दोन्ही खड्यांत तारे उगवले.

"पहा," पिंटू म्हणाला.

भैय्यालालला इतकं बरं वाटलं की पहिल्यांदा त्याने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. मग त्याच्या लक्षात आलं की तारे आले, पण पुड्या आल्या नाहीत.

त्याने व्यापाऱ्याच्या नजरेने पाहायला सुरुवात केली. दोन तारे सारखे नव्हते. एकाचा तारा खड्याच्या बरोब्बर मधोमध, सहाही किरण सरळ, धारदार, जणू कंपासपेटी घेऊन काढलेले. दुसऱ्याचा तारा एका बाजूला कललेला, जरा धुरकट, आणि त्याचा एक किरण बाकीच्यांपेक्षा आखूड. चालताना पाय ओढणाऱ्या माणसासारखा तो तारा लंगडत सरकायचा.

"हा सरळवाला असली," भैय्यालालने निकाल दिला. "चांगला माल चांगलाच दिसते."

"काहून?" ताराबाई म्हणाली. "कारखान्यातून लंगडा माल कोन बाहेर येऊ देईन? लंगडा आहे म्हंजे देवाघरचाच."

भैय्यालालला अचानक धान आठवलं. ज्या नमुन्यात दाणान्दाणा सारखा असतो, तो नमुना कोणीतरी रात्र जागून निवडलेला असतो. अशा नमुन्याला तो कधीच भुलला नव्हता. पण त्याच वेळी हेही खरं होतं की ज्या धानात तुकडा जास्त, ते धान हलकं. म्हणजे सरळ तारा चांगला म्हणूनच संशयास्पद, आणि वाकडा तारा वाईट म्हणूनच वाईट. तीस वर्षांचा अनुभव त्याला एकाच वेळी दोन दिशांना ओढत होता.

साधनाने सुचवलं की धनीरामकाकाला फोन लावू, एका मिनिटाचं काम.

भैय्यालालने मुलीकडे असं पाहिलं की तिने टॉर्चच खाली केला. धानाच्या बांधीला कोणत्या तलावाचं पाणी लागलं हे भात खाऊन सांगणारा माणूस सोनाराला विचारणार, की बाबा, तू दिलेल्या दोन नमुन्यांतला कोणता कोणता? धनीराम साकोलीत सांगणार, साकोलीवाले सानगडीच्या बाजारात सांगणार. मग उद्या कोणता शेतकरी त्याच्या हातात मूठभर धान ठेवणार?

"मी ओळखतो," तो म्हणाला. "मले थोडा वेळ द्या."

शनीच्या नजरेखाली

वेळ मिळाला, पण ओळख काही पटेना. शेवटी तोडगा पिंटूने काढला, आणि तो इतका साधा होता की सगळ्यांना आपल्याला कसा सुचला नाही असं वाटलं.

नीलम एक तर लागतो, म्हणजे लाभतो, नाही तर चावतो. गप्प बसत नाही. म्हणून तर लोक तो आधी घालून बघतात, काही बरंवाईट होतं का ते पाहतात, आणि मगच घेतात. पण कारखान्याच्या नीलमाला शनी कशाला ओळखेल? तो बोटात असून नसल्यासारखा. म्हणजे दोघांनी एकेक अंगठी घालायची. ज्याच्या आयुष्यात काहीतरी घडेल, त्याची असली.

लंगडा तारा भैय्यालालच्या बोटात गेला, सरळ तारा पिंटूच्या.

दुसऱ्या दिवशी भैय्यालालची चप्पल मारुतीच्या देवळाबाहेरून गेली. म्हणजे चावला. पण चप्पल नेणारा आपली स्वतःची तिथेच सोडून गेला होता आणि ती जवळपास नवी होती. म्हणजे लागला. ती भैय्यालालला लहान व्हायची आणि घरी येईस्तोवर तिने टाच सोलून काढली. आता चप्पल चावली ते नीलमाच्या खात्यात धरायचं का, यावर जेवताना बराच खल झाला.

त्याच दिवशी पिंटूची शेळी घरी आली. ती दिवाळीत हरवली होती. एकोडीहून पिंटूच्या शेजाऱ्याचा फोन आला की शेळी आपल्या पायांनी अंगणात येऊन उभी आहे, आणि सोबत दोन करडं आहेत. पिंटूने अंगठीचा मुका घेतला. संध्याकाळी दुसरा फोन आला. ज्याच्या कळपात शेळी इतके दिवस होती तो माणूस करडं मागायला आला होता, बोकड माझा म्हणून करडं माझी असं त्याचं म्हणणं होतं, आणि तो पिंटूच्या आईला वाटेल ते बोलून गेला. पिंटू मोटारसायकल काढून निघाला आणि वाटेत बांधावरून चिखलात गेला. त्याला काही लागलं नाही. ज्याने बाहेर काढलं तो करडं मागणाऱ्याचाच भाऊ निघाला, दोघांनी सोबत चहा घेतला, आणि एकेक करडू वाटून घ्यायचं ठरलं.

"म्हंजे दोन्ही असली," ताराबाई म्हणाली.

"म्हंजे दोन्ही नकली," भैय्यालाल म्हणाला. "हे असं तं बिनअंगठीचंही होत राहते."

साधना म्हणाली की तिला पहिल्यापासून हेच म्हणायचं होतं. पण तोवर पिंटूने पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडायला घेतला होता आणि तिचं कोणी ऐकलं नाही.

साक्षगंध उद्यावर आलं. अंगणात मांडव उभा राहिला. भैय्यालालने दिलेला शब्द दोन बोटांवर वाटलेला होता, आणि त्यातलं आपलं बोट कोणतं हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

नुसत्या आवाजात

"हॅलो, धनीराम. मी भैय्यालाल."

"बोला शेठ. पसंत पडला का नमुना?"

"हाव. मी तुही परीक्षा घेऊन राहिलो."

"माही?"

"तुही. सांग पाहू, असली कोन्ता?"

"पुडीवर लिहलं हाये ना शेठ."

"पुडीवरचं मले दिसते. मी तुले विचारून राहिलो. पुडी नसती तं तू कसा ओळखला असता?"

"थे तं सोपं हाये. ज्याचा तारा वाकडा, थो खानीतला. डोंगर कायले मोजून-मापून काढते? आन् सरळ, मधोमध, चित्रातल्यावानी असला की समजाचं, कारखाना. लय चांगला दिसला की नकली."

"बरोबर."

"पास झालो का?"

"झाला."

"शेठ, पुड्या हरपल्या का?"

"लाइट गेली इकडं. ठेवतो."

पुन्हा ट्यूबलाइटखाली, थोडा वेळ

ताराबाईला कळलं तेव्हा तिने मान वर करूनही पाहिलं नाही. ती म्हणाली की मी त्याच दिवशी सांगतलं होतं, आणि पुऱ्यांच्या कणकेत मीठ घातलं.

पिंटूला कळलं तेव्हा मात्र तो हबकला. त्याच्या बोटातली अंगठी कारखान्याची आहे हे त्याला मान्य व्हायला वेळ लागला, आणि मान्य झाल्यावर त्याचं मत काही बदललं नाही.

"भाऊजी, कारखान्याची असो का कुठची असो. मले लागू पडली. शेळी कोनामुळं आली?"

भैय्यालालने सांगितलं की अंगठी परत द्यायची आहे, ती नमुन्याची आहे. पिंटू म्हणाला की धनीरामशी मी पाहून घेतो, पण साक्षगंध होईस्तोवर बोटातून काढणार नाही, घरात शुभकार्य आहे. भैय्यालालने नाद सोडला. असली आपल्या बोटात आहे, एवढं त्याला पुरे होतं. त्या रात्री तो गाढ झोपला.

मांडवातल्या माळांखाली

लाखांदूरची मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले, कोणाकोणाचे कोण लागतात ते जुळवून झालं. निर्मलाबाई मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाई दणदणीत, पण बोलायला गोड. त्यांच्या बोटातही निळा खडा होता हे भैय्यालालने येताच पाहून ठेवलं, पण मांडवात रंगीत माळा इतक्या होत्या की त्या खड्यात तारा होता, की दहा तारे होते, की नुसती निळी लाल हिरवी गर्दी होती, काही कळत नव्हतं.

साधनाने अमरच्या बोटात अंगठी घातली. माप अगदी बरोबर बसलं. बाया टाळ्या वाजवू लागल्या, भैय्यालालने डोळे पुसायला रुमाल काढला, आणि फोटोग्राफर म्हणाला की थांबा, बोटाचा जवळून घेतो.

त्याने आपला मोठा लाइट पेटवला आणि अमरच्या हातावर धरला.

फोटोग्राफरच्या लाइटखाली

खड्याच्या एका बाजूने तारा वर आला. धुरकट, आखूड पायाचा. अमरने हात हलवला तसा तो लंगडत बाजूला गेला.

निर्मलाबाई पुढे वाकल्या. त्यांनी आपला हात लेकाच्या हाताशेजारी ठेवला. त्यांच्या खड्यात तारा उगवला. मधोमध, सहा किरण, पट्टी लावून ओढलेले.

"इवाई," त्या व्याह्याला म्हणाल्या, "हे काय वो?"

भैय्यालालने त्यांच्या अंगठीकडे पाहिलं. कालपर्यंत त्याला ओळखता आलं नसतं. आज त्याला धनीरामचा आवाज कानात स्पष्ट ऐकू आला.

"विहीनबाई, असं हाये, असलीचा तारा जो असते, थो जरा..."

"मले नोका सांगू असलीचं," निर्मलाबाई म्हणाल्या. त्या रागात नव्हत्या, उलट त्यांना भैय्यालालची कीव आली होती. "तुमाले फसवलं कोनीतरी. माह्या सासूची अशीच होती. असाच वाकडा तारा. सारे म्हनत, जुनी हाये, जुनी हाये. एकोडीच्या बाजारात एक बिचारा देवमानूस भेटला, त्यानं सांगतलं, बाई, ही नकली, असलीचा तारा सरळ राहते. थ्यानं जुनी घेतली आन् ही देली. वरून फक्त माह्या पायातले चाळ घेतले."

लाखांदूरच्या मंडळींनी माना डोलावल्या. ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. कोणत्याही लग्नात निर्मलाबाई ती सांगायच्या आणि सांगून झाल्यावर हात फिरवून तारा दाखवायच्या, तसा त्यांनी आताही दाखवला.

भैय्यालालचा हात खिशाकडे गेला.

खिशात मोबाइल होता. धनीरामला लावायचा, आवाज मोठा करायचा, अर्ध्या मिनिटात सगळं स्वच्छ. पण त्या अर्ध्या मिनिटात काय काय होणार तेही त्याला दिसत होतं. त्याची अंगठी असली ठरणार. म्हणजे विहीणबाईंची नकली ठरणार. म्हणजे सासूची असली ठरणार. म्हणजे घराण्यातला असली नीलम या बाईने स्वतःच्या हाताने एका भामट्याला दिला, आणि वरून पायातले चाळही काढून दिले, हे तिच्या सगळ्या गोतावळ्यासमोर, भर मांडवात, लाइट लावून सिद्ध होणार. आणि साधनाला त्याच घरात जाऊन त्याच बाईच्या हाताखाली चहा करायचा होता.

मागच्या खुर्च्यांवर सानगडीचे व्यापारी बसले होते. त्यांतला मनिराम शेजाऱ्याच्या कानात बोलला, पण त्याचा आवाज मुळातच लिलावाचा होता. "नमुना एक, माल दुसरा," तो म्हणाला.

भैय्यालालने ते ऐकलं. हे वाक्य त्याच्याबद्दल सानगडीत आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. त्याने साधनाकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती, पण खुर्चीची कड तिने घट्ट धरली होती.

"चुकी झाली," भैय्यालाल म्हणाला. "हा नमुना आला. असली आत हाये. आनतो."

आत पिंटू बुंदीच्या टोपल्याजवळ उभा होता. काय हवं ते सांगितल्यावर त्याने हात पाठीमागे नेला. भैय्यालालने आधी समजावलं, मग दटावलं, मग भाचीच्या लग्नाचं सांगितलं. पिंटू म्हणाला की भाचीसाठी जीव देईन, पण परवाच शेळी आली आहे आणि आता म्हैस आजारी आहे. शेवटी ताराबाई आली. तिने भावाचा हात धरला, तेलाच्या भांड्यात बुडवला आणि अंगठी ओढून काढली. पिंटूने एवढंच विचारलं की साक्षगंधानंतर परत मिळेल ना. तोवर भैय्यालाल अंगठी पुसत मांडवात पोचलाही होता.

फोटोग्राफरने पुन्हा लाइट धरला. सरळ तारा उगवला. निर्मलाबाईंनी आपला हात शेजारी ठेवला आणि दोन तारे जुळ्या बहिणींसारखे एकमेकींकडे पाहू लागले.

"आता कसं," त्या म्हणाल्या. मग मंडळींकडे वळून त्यांनी सांगितलं की गडबडीत होत राहते असं, पण मानूस खरा हाये. दुसरा असता तर नकलीच दामटून नेली असती, यांनी चारचौघांत कबूल केलं. मंडळींना ते पटलं. मनिरामलाही पटलं, असं त्याच्या मानेवरून दिसलं. भैय्यालालला खरेपणाबद्दल एवढी शाबासकी याआधी कधी मिळाली नव्हती, आणि कुठे तोंड लपवावं हे त्याला कळत नव्हतं.

आता बोटातली अंगठी काढून ही घाल, असं निर्मलाबाई लेकाला म्हणाल्या. तोवर गप्प बसलेला अमर पहिल्यांदा बोलला.

"आई, ही राहू दे. साधनानं घातली, आता काढाची कायले? माहे हात दिवसभर ग्रीसमंधी राहतात. असली तू पेटीत ठेव, ही नकली मी वापरतो."

निर्मलाबाईंना लेकाचं शहाणपण आवडलं. त्यांनी कारखान्याची अंगठी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. आतल्या दारातून पिंटू त्या गाठीकडे पाहत राहिला.

भर उन्हात

जेवणं झाली. अमर हात धुवायला विहिरीजवळच्या दगडावर गेला आणि भैय्यालाल गडवा घेऊन त्याच्यामागे गेला. जावयाच्या हातावर पाणी घालायला दुसरा कोणीही गेला असता. पण त्याने जेवता जेवता एक ठरवलं होतं.

विहीणबाईंना कधीच सांगता येणार नव्हतं. मनिरामला सांगितलं तर ते संध्याकाळच्या एसटीने लाखांदूरला पोचलं असतं. पण शब्द त्याने पाळला होता. असली अंगठी जावयाच्याच बोटात होती. साऱ्या जगात एका माणसाला तरी हे कळायला हवं, आणि तो माणूस म्हणजे ज्याच्या बोटात ती आहे तो. पोरगा समजदार दिसत होता. आईला दुखवणार नाही, मनात ठेवेल.

त्याने गडवा तिरका केला. "जवाईबापू, थ्या अंगठीबद्दल एक सांगाचं होतं."

"मामाजी, मलेही," अमर म्हणाला. त्याने मागे वळून मांडवाकडे पाहिलं. आई लांब होती. तरी त्याने आवाज खाली आणला. "तुमी आज मले वाचवलं."

"मी?"

"मी नीलमले लय भितो. कोनाले सांगत नाही, लोक हासतात. आमच्या लाखांदूरले एकानं घातला, आठ दिवसांत खांबावरून पडला. दुसऱ्यानं घातला, त्याची दोन दुकानं बसली. आई आयकत नाही. तुमी असली देनार म्हटलं तवापासून मले जेवन जात नव्हतं. मी तं ठरवलं होतं, साक्षगंध झालं की वाटेतल्या तलावात टाकून द्याचा आन् सांगाचं, गळून पडला म्हनून."

भैय्यालालच्या हातातला गडवा थांबला.

"आन् तुमी नकली आनली," अमर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला होता. "भल्या मनानं चुकले तुमी. बोटात घातली तवा मी मनात देवाचं नाव घेऊन राहिलो होतो. आई नकली म्हने तवा जीवात जीव आला. आता तिचीही हौस फिटली आन् मीही मोकळा."

दुपारचं ऊन विहिरीच्या दगडावर सरळ पडत होतं. अमरने हात वर केला. ओल्या खड्यात तारा उगवला, एका बाजूला कलला आणि आखूड पाय ओढत जावयाच्या करंगळीकडे निघाला.

"नकली हाये ना पक्की?" अमरने विचारलं. "तुमी मानूस खरे. तुमी सांगतलं की मी निश्चिंत."

भैय्यालालने आयुष्यात पहिल्या प्रतीच्या मालाला दुसरी प्रत म्हटलं नव्हतं. भाव पाडायलासुद्धा नाही. तो त्या ताऱ्याकडे पाहत राहिला.

"पक्की," तो म्हणाला. "कारखान्याचा माल. बिनधास्त घाला."

अमरने हात पुढे केले. भैय्यालालने उरलेलं पाणी त्यांवर ओतलं.

"आन् तुमाले काय सांगाचं होतं मामाजी?"

"काही नाही," भैय्यालाल म्हणाला. "नकलीच हाये, पन जपजा."